नऊ व्होल्टांचे मंडल अठरा व्होल्टांवर

विजेच्या गिटारच्या वादकासमोर जमिनीवर मांडलेल्या लहान लहान पेट्या आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. पायाने दाबावयाच्या असल्यामुळे त्यांना पेडल असे म्हणतात. एखादी पेटी स्वर खरखरीत करते, एखादी त्याचा प्रतिध्वनी निर्माण करते, तर एखादी त्याला केवळ मोठे करते. या पेट्यांपैकी बहुतेकींच्या पाठीवर ‘९ व्होल्ट’ असा शिक्का असतो. हौशी वादक आणि दुरुस्तीचे काम करणारे कारागीर यांच्यात अनेक वर्षे एक समजूत रुजली आहे, ती अशी की याच पेट्या १८ व्होल्टांवर चालविल्या तर आवाज अधिक मोकळा, अधिक स्वच्छ होतो. ही समजूत काही पेट्यांच्या बाबतीत पूर्ण खरी आहे, काहींच्या बाबतीत निरर्थक आहे आणि काहींच्या बाबतीत विघातक आहे. कोणती पेटी कोणत्या वर्गात मोडते हे मंडल वाचून आधीच सांगता येते. ते कसे, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रथम या नऊ व्होल्टांचे मूळ पाहू. ते संगीतशास्त्रातून आलेले नाहीत, खिशातल्या रेडिओतून आले आहेत. १९५०-६० या दशकात ट्रँझिस्टर रेडिओ आले आणि त्यांच्यासाठी दीड व्होल्टाचे सहा घट एका आवरणात बसविलेली चौकोनी बॅटरी बाजारात आली. ती सर्वत्र मिळू लागली, स्वस्त होती आणि लहान पेटीत मावत होती. पेडल बनविणाऱ्यांनी ती उचलली, यापलीकडे नऊ या आकड्यात काही गूढ नाही.

किंबहुना सर्वांत पहिले गाजलेले पेडल नऊ व्होल्टांचे नव्हतेच. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १९६० साली एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरच्या एका वाहिनीत बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिन या वादकाचा बास गिटारचा आवाज फाटका, गुणगुणणारा असा उमटला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी हा अपघात फेकून न देता तोच आवाज ट्रँझिस्टरांच्या साहाय्याने मुद्दाम निर्माण करणारे मंडल एका सहकाऱ्याच्या मदतीने तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रँझिस्टर होते आणि दीड व्होल्टाचे दोन घट, म्हणजे एकूण फक्त ३ व्होल्ट. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ही पेटी ऐकू आली आणि तिची मागणी एकदम वाढली. परंतु तिचा स्वर चटकन विझतो, तो रेंगाळत नाही, अशी वादकांची तक्रार होती. लंडनमधील गॅरी हर्स्ट या तंत्रज्ञाने त्याच सुमारास हेच मंडल घेतले, त्यातील रोधकांची मूल्ये बदलली आणि त्याला नऊ व्होल्ट दिले. ‘टोन बेंडर’ हे त्याचे नाव. अधिक दाबावर चालण्यासाठी मंडलात फेरफार करण्याची कल्पना अशा रीतीने पेडलांच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. हर्स्टने नुसती बॅटरी बदलली नाही, रोधकही बदलले, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. तिची गरज पुढे लागेल.

आता दाब वाढविल्याने नेमके काय घडते ते पाहू. गिटारच्या तारेखालील चुंबकीय पिकअपमधून निघणारा संकेत म्हणजे वर-खाली होणारा एक अल्पसा विद्युत्‌दाब असतो. हलके वाजविले तर तो व्होल्टाच्या काही शतांशांइतका असतो, जोरात तार छेडली तर क्षणभर अर्धा किंवा एक व्होल्टापर्यंतही जातो. विवर्धक या तरंगाची उंची वाढवितो. परंतु कोणताही विवर्धक त्याला मिळालेल्या पुरवठ्यापेक्षा उंच तरंग बाहेर देऊ शकत नाही. नऊ व्होल्टांच्या मंडलात तरंगाला खाली शून्याची जमीन आणि वर नऊ व्होल्टांचे छप्पर असते. मधोमध, म्हणजे साडेचार व्होल्टांपाशी, तरंगाचे स्थिर आसन ठेवलेले असते. तेथून तो वर साडेचार आणि खाली साडेचार व्होल्ट इतकाच जाऊ शकतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण बहुतेक विवर्धक जमिनीला किंवा छपराला टेकण्यापूर्वीच थांबतात. जुन्या पेट्यांत सर्रास आढळणारा ४५५८ हा ऑप-अँप नऊ व्होल्टांवर दोन्ही बाजूंना सुमारे साडेतीन व्होल्टच हलू शकतो. त्यापुढे तरंगाचा माथा सपाट कापला जातो, आणि कानाला ती विकृती खरखर म्हणून जाणवते.

पुरवठा १८ व्होल्ट केला की हाच ऑप-अँप दोन्ही बाजूंना सुमारे आठ व्होल्ट हलू शकतो. म्हणजे तरंगाला मिळणारा वाव दुपटीहून थोडा अधिक होतो. डेसिबेलच्या भाषेत ही वाढ सहा-सात डेसिबेल इतकी आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाव दुप्पट झाला म्हणजे आवाज दुप्पट झाला असे नव्हे. विवर्धन किती व्हावे हे रोधकांच्या गुणोत्तरावर ठरते आणि ते गुणोत्तर पुरवठ्याबरोबर बदलत नाही. छप्पर उंच केल्याने घरातील माणूस उंच होत नाही. त्याचे डोके छपराला लागत असेल तरच त्याला फरक जाणवतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावयाचा की या पेटीत तरंगाचे डोके छपराला लागते काय? जपानच्या आयबानेझ कंपनीने १९७९ मध्ये काढलेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या पेडलाचे उदाहरण घेऊ, कारण अठरा व्होल्टांचा प्रयोग बहुधा याच्यावरच सर्वाधिक झाला असावा. यात ४५५८ हाच ऑप-अँप आहे आणि त्याचे विवर्धन बटण फिरवून सुमारे १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत नेता येते. दशांश व्होल्टाचा संकेत शंभर पट वाढला तर तो दहा व्होल्ट व्हावयास हवा आणि छपराला धडकावयास हवा. पण तसे होत नाही. ऑप-अँपच्या परतमार्गावर, म्हणजे निर्गमाकडून आदानाकडे येणाऱ्या वाटेवर, दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट जोडलेले आहेत. त्यांच्यातील दाब सुमारे ०.६ व्होल्टांवर गेला की ते वाहू लागतात आणि विवर्धन तेथेच रोखतात. परिणामी निर्गम हा मूळ संकेत अधिक सुमारे ०.६ व्होल्ट यापेक्षा फारसा वर जातच नाही. बरेच जोरात वाजविले तरी तो एक व्होल्टाच्या आसपास राहतो. साडेतीन व्होल्टांवर असलेले छप्पर त्याला दिसतही नाही. ते आठ व्होल्टांवर नेल्याने या पेटीच्या विकृतीत काही बदल होण्याचे कारण नाही. ज्यांना फरक ऐकू येतो ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही, पण आवाजाची पातळी समान ठेवून आणि डोळे बांधून त्यांनी एकदा ऐकावे असे सुचवीन. ज्या पेटीत माथा कापण्याचे काम डायोडांकडे सोपविलेले आहे, तिला अधिक दाब देणे हे बहुतांशी व्यर्थ श्रम होत.

याउलट ज्या पेट्यांचे काम संकेत स्वच्छ ठेवून मोठा करणे किंवा त्याचा पोत बदलणे हे आहे, तेथे लाभ खरा आहे. बूस्टर, इक्वलायझर, बफर ही त्यांची नावे. कीबोर्डसारख्या वाद्याचा किंवा मिक्सरचा संकेत गिटारपेक्षा पुष्कळ मोठा असतो. व्यावसायिक उपकरणांची प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट धरली जाते. तरंगाचा माथा त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे १.७४ व्होल्ट इतका येतो. नऊ व्होल्टांवरील ४५५८ मध्ये हा संकेत नुसता दुप्पट केला तरी तो साडेतीन व्होल्टांच्या छपराशी पोचतो. अठरा व्होल्टांवर तो चौपट करता येतो. सतार किंवा व्हायोलिनला पीझो जातीचा पिकअप लावून वाजविणाऱ्या वादकांनाही हा अनुभव येतो. त्यांच्या स्वराचा प्रारंभीचा आघात फार उंच असतो आणि नेमका तोच नऊ व्होल्टांच्या पेटीत चेपला जातो. अशा वादकाला अठरा व्होल्टांची पेटी ही चैन नव्हे, गरज आहे.

येथपर्यंत आपण ऑप-अँपचा विचार केला. ऑप-अँपच्या मंडलात एक मोठी सोय असते. तरंगाचे मधले आसन दोन सारख्या रोधकांनी ठरविलेले असते. ट्यूब स्क्रीमरमध्ये १० किलोओहमचे दोन रोधक पुरवठा आणि जमीन यांच्यामध्ये एकापाठोपाठ एक जोडले आहेत आणि त्यांच्या सांध्यापाशी बरोबर अर्धा दाब मिळतो. पुरवठा नऊचा अठरा झाला तर सांध्यावरचा दाब साडेचाराचा आपोआप नऊ होतो. आसन मध्यभागीच राहते. ट्रँझिस्टरच्या मंडलाचे तसे नाही. तेथे दुरुस्ती केल्यावाचून दाब वाढविला तर काय होते हे प्रत्यक्ष आकडे मांडून पाहणे फार उद्बोधक आहे, म्हणून आपण थोडे अधिक थांबू.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या न्यूयॉर्कच्या कंपनीचे ‘एलपीबी-१’ हे बूस्टर १९६०-७० या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. यापेक्षा साधे पेडल क्वचितच सापडेल. एकच ट्रँझिस्टर. त्याच्या बेसला ४३० किलोओहमचा रोधक पुरवठ्याकडून आणि ४३ किलोओहमचा रोधक जमिनीकडून जोडलेला; कलेक्टरवर १० किलोओहम आणि एमिटरखाली ३९० ओहम. आत जाताना एक धारित्र, बाहेर येताना एक धारित्र. दुकानात धारित्र म्हणून मागाल तर कोणी देणार नाही, तेथे त्याला कंडेन्सर म्हणतात.

ट्रँझिस्टरची प्रवाहवृद्धी ४०० धरू. नऊ व्होल्टांवर ४३० आणि ४३ या दोन रोधकांच्या विभागणीने बेसच्या वाट्याला सुमारे ०.८२ व्होल्ट येतात. बेसमध्ये शिरणारा अल्प प्रवाह त्यातून थोडी घट करतो आणि बेस-एमिटर सांधा सुमारे ०.६ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. एमिटरवर उरतात ०.१७ व्होल्ट. ३९० ओहममधून त्यामुळे ०.४५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हाच प्रवाह कलेक्टरवरील १० किलोओहममधून गेल्याने तेथे साडेचार व्होल्ट खर्च होतात आणि कलेक्टर साडेचार व्होल्टांवर, बरोबर मध्यावर, स्थिरावतो. आकडे किती नेटके जुळवले आहेत ते पाहावे.

आता दुसरे काहीही न बदलता पुरवठा १८ व्होल्ट करू. बेसच्या वाट्याला आता १.६४ व्होल्ट येतात. परंतु सांधा पूर्वीप्रमाणेच फक्त ०.६ व्होल्ट ठेवून घेतो, त्याची मागणी दुप्पट होत नाही. म्हणून एमिटरवर ०.१७ च्या दुप्पट ०.३४ नव्हे, तर जवळजवळ ०.८३ व्होल्ट उरू पाहतात, म्हणजे पाचपटीच्या आसपास. त्या हिशेबाने प्रवाह २.१ मिलिअँपिअर व्हावा आणि १० किलोओहममध्ये २१ व्होल्ट खर्च व्हावेत. पण पुरवठाच १८ व्होल्टांचा आहे! अर्थात तसे होऊ शकत नाही. ट्रँझिस्टर पूर्ण उघडून तसाच अडकून बसतो आणि कलेक्टर जमिनीजवळ चिकटतो. तरंगाला खाली जाण्यास जागाच उरत नाही. पेटी जळत नाही, वास येत नाही, धूर निघत नाही, फक्त स्वर तुटक आणि घुसमटलेला येतो. हिशेब केला तर ही स्थिती अठरा व्होल्टांच्या पुष्कळ आधी, साडेतेरा व्होल्टांच्या सुमारासच, येते असे दिसते. बारा व्होल्टांवरही कलेक्टर दोन व्होल्टांच्या खाली गेलेला असतो. या पेटीला अठरा व्होल्ट मानवत नाहीत असा निष्कर्ष काढून वादक मोकळा होतो. खरी गोष्ट अशी की पेटीला अठरा व्होल्ट मानवतात, तिच्या ४३० किलोओहमच्या रोधकाला मानवत नाहीत.

उपाय सरळ आहे. कलेक्टर नऊ व्होल्टांच्या आसपास यावा यासाठी प्रवाह ०.९ मिलिअँपिअरच्या जवळपास हवा. त्यासाठी बेसवरचा दाब अठरा व्होल्टांच्या प्रमाणात वाढू न देता थोडासाच वाढवावयाचा. ४३० किलोओहमच्या जागी ६८० किलोओहम बसविला तर बेसच्या वाट्याला १.०७ व्होल्ट येतात, एमिटरवर ०.३७ व्होल्ट उरतात, प्रवाह ०.९६ मिलिअँपिअर होतो आणि कलेक्टर ८.४ व्होल्टांवर बसतो. हे पुरेसे मध्यावर आहे. केवळ एका रोधकाची अदलाबदल करून आठ व्होल्टांचा वाव मिळाला. पूर्वी सुमारे ०.१९ व्होल्टाच्या आदानापाशीच तरंगाचा माथा कापला जात असे. आता तो सुमारे ०.३३ व्होल्टापर्यंत शाबूत राहतो. प्रत्येक ट्रँझिस्टरची प्रवाहवृद्धी वेगळी असल्याने शेवटचा निर्णय मल्टिमीटरवर सोपवावा. एक मेगओहमचा प्रीसेट तात्पुरता जोडून, कलेक्टर नऊ व्होल्टांजवळ येईपर्यंत तो फिरवून, मग त्या मूल्याचा कायमचा रोधक लावणारे कारागीर शहाणे होत. ज्या मंडलात दोन-तीन ट्रँझिस्टर एकमेकांना थेट जोडलेले असतात, उदाहरणार्थ १९६६ मध्ये लंडनमध्ये निघालेले ‘फझ फेस’, तेथे एका ट्रँझिस्टरचे आसन हलले की दुसऱ्याचेही हलते आणि हिशेब गुंतागुंतीचा होतो. शिवाय त्या पेटीचा सगळा गोडवाच छप्पर आणि जमीन यांना घासण्यात आहे. तिला अठरा व्होल्ट देण्याचा खटाटोप मला स्वतःला तरी व्यर्थ वाटतो.

मंडलाचे आसन जुळले तरी काम संपत नाही. आता प्रत्येक घटकाला विचारावे लागते की हा दाब तुला झेपेल काय? यात सर्वांत आधी बळी पडतात ती इलेक्ट्रोलिटिक धारित्रे. यांच्या आत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विद्युत्‌रोधकाचे काम करतो. थराची जाडी ठरीव दाबासाठी बनविलेली असते. दाब वाढला की थरातून प्रवाह पाझरू लागतो, धारित्र तापते, आतील द्रवाचा वायू होतो आणि शेवटी डबीचे तोंड फुगते किंवा फुटते. नऊ व्होल्टांच्या पेट्यांत निर्माते १० किंवा १६ व्होल्टांची धारित्रे वापरतात, कारण ती लहान आणि स्वस्त असतात. अठरा व्होल्टांसाठी त्यांच्या जागी २५ किंवा त्याहून बरे म्हणजे ३५ व्होल्टांची बसवावीत. पुरवठ्याच्या तारेवरील मोठे धारित्र सर्वांच्या लक्षात येते, पण अर्ध्या दाबाच्या सांध्यावरचे धारित्र विसरले जाते. त्याच्यावर पूर्वी साडेचार व्होल्ट असत, आता नऊ असतात. ते दहा व्होल्टांचे असेल तर तेही बदलले पाहिजे. नवे धारित्र आकाराने मोठे असते आणि झाकण बसत नाही, म्हणून ते पट्टीवर आडवे निजवावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट यांसारख्या बाजारांत ही धारित्रे सहज मिळतात. मात्र घेताना डबीवरील व्होल्टांचा आकडा स्वतः वाचून घ्यावा. प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची लहान धारित्रे सहसा ५० व्होल्टांची किंवा त्याहून अधिक असतात, त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

पुरवठ्याच्या प्रवेशद्वाराशी एक डायोड आढळतो. तो साधा असेल आणि केवळ उलटा पुरवठा रोखण्यासाठी आडवा जोडलेला असेल तर काळजी नाही. पण काही निर्माते तेथे ९.१ व्होल्टांसारखा झेनर डायोड बसवितात. त्याचे काम त्या दाबापलीकडे वाहू लागणे हेच असल्याने, अठरा व्होल्ट देताच तो सगळा प्रवाह स्वतःवर ओढून घेऊन जळतो. तो काढून वरच्या मूल्याचा लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. दर्शक दिव्याचा रोधकही तपासावा. एक किलोओहमचा रोधक आणि सुमारे दोन व्होल्टांचा एलईडी असेल तर नऊ व्होल्टांवर ७ मिलिअँपिअर वाहतात. अठरा व्होल्टांवर १६. त्या वेळी रोधकात खर्च होणारी शक्ती ०.२५६ वॉट भरते आणि हे रोधक सामान्यतः पाव वॉटाचे असतात. २.२ किलोओहम लावला की दिवा पूर्वीइतकाच उजळतो.

आता आयसींकडे वळू. ४५५८ किंवा टीएल ०७२ यांसारख्या ऑप-अँपची कमाल मर्यादा ३६ व्होल्ट आहे. त्यांना अठरा व्होल्ट म्हणजे काहीच नाही. खरा धोका कोरस, फ्लँजर आणि विलंबाच्या पेट्यांत आहे. त्यांत बकेट ब्रिगेड नावाची आयसी असते. आग विझविताना माणसांच्या रांगेतून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जाव्यात तसा विद्युत्‌भार तिच्यात एका धारित्रातून पुढच्या धारित्रात सरकतो, आणि त्या प्रवासाला लागणारा वेळ म्हणजेच विलंब. जपानच्या मात्सुशिता कंपनीची एमएन ३००७ ही आयसी सुमारे १५ व्होल्टांसाठी बनविली होती. तिची कमी दाबाची बहीण एमएन ३२०७ फक्त ४ ते १० व्होल्टांसाठी. मूळ कंपनीने यांचे उत्पादन केव्हाच थांबविले आहे. माझ्या टेबलावर एकदा एक कोरस पेडल आले होते. मालकाने घाईत शेजारच्या इक्वलायझरची अठरा व्होल्टांची पिन त्यात खुपसली होती. तीन-चार सेकंदच, असे तो सांगत होता. धारित्रे शाबूत होती, दिवा लागत होता, आणि एमएन ३२०७ गेली होती. अशी मूळ आयसी मिळविण्यासाठी किती महिने खटपट करावी लागली ते येथे सांगत बसत नाही.

विलंबाच्या नव्या, स्वस्त पेट्यांत पीटी २३९९ ही आयसी असते. ती पाच व्होल्टांवर चालते आणि तिच्या आधी ७८एल०५ हा नियामक बसविलेला असतो. नियामक अठरा व्होल्ट सहन करतो, पण वरचे सर्व व्होल्ट त्याला उष्णतेच्या रूपाने टाकावे लागतात. २० मिलिअँपिअर प्रवाह धरला तर नऊ व्होल्टांवर ०.०८ वॉट आणि अठरा व्होल्टांवर ०.२६ वॉट. तो चांगलाच तापतो, आणि इतके करून आयसीला मिळतात ते पूर्वीचेच पाच व्होल्ट! ४०४९ सारख्या सीमॉस आयसीचा विवर्धक म्हणून उपयोग करणाऱ्या पेट्यांतही सावध असावे. तिची मर्यादा कागदावर १८ व्होल्ट असली तरी अशा उपयोगात दाबाबरोबर तिचा प्रवाह झपाट्याने वाढतो.

अठरा व्होल्ट आणावयाचे कोठून? दोन बॅटऱ्या एकसरीत जोडणे हा निर्धोक मार्ग. मात्र नव्या बॅटऱ्या प्रत्येकी साडेनऊ व्होल्टांपर्यंत देतात, म्हणून मर्यादांचा हिशेब १९ व्होल्टांनी करावा. दुसरा मार्ग पेटीच्या आतच दाब दुप्पट करण्याचा. एक लहान आयसी धारित्राला भरून पुरवठ्याच्या डोक्यावर ठेवते, हे काम सेकंदाला हजारो वेळा करते, आणि दोन डायोडांतून जवळजवळ दुप्पट दाब बाहेर पडतो. नऊच्या अठरामधून डायोडांचे एक-सव्वा व्होल्ट वजा जातात. शॉट्की जातीचे डायोड वापरले तर घट कमी होते. १९९४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या आणि आता अवाच्या सवा किमतीला विकल्या जाणाऱ्या ‘क्लॉन सेंटॉर’ या पेडलात हीच युक्ती आहे. तेथे नऊ व्होल्टांपासून एकीकडे अठरा आणि दुसरीकडे उणे नऊ व्होल्ट तयार करून शेवटच्या ऑप-अँपला एकूण सत्तावीस व्होल्टांच्या आसपास वाव दिला आहे. या युक्तीचे दोन तोटे सांगितले पाहिजेत. दुप्पट दाबासाठी मूळ पुरवठ्यातून दुप्पट प्रवाह ओढला जातो. आणि ७६६० ही आयसी सेकंदाला सुमारे दहा हजार वेळा स्पंदते, ते कानाला बारीक शिटीसारखे ऐकू येऊ शकते. स्पंदनांची गती श्रवणमर्यादेबाहेर नेण्याची सोय असलेले नमुने किंवा मुळातच सुमारे पंचवीस हजारांवर चालणारी एलटी १०५४ वापरणे इष्ट. ७६६० च्या मूळ नमुन्याला दहा व्होल्टांहून थोडेच अधिक झेपतात हेही विसरू नये.

हे विसरल्याने होणारा घोटाळा आपल्याकडे विशेष आढळतो, कारण साध्या अॅडॉप्टरवर ९ व्होल्ट असे लिहिलेले असले तरी ते पूर्ण भार असतानाचे असतात. ज्यात दाब नियंत्रित करणारा भाग नाही अशा अॅडॉप्टरमध्ये नऊ व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक धारित्र एवढेच असते. धारित्र तरंगाच्या माथ्यापर्यंत भरते: ९ गुणिले १.४१ म्हणजे १२.७, त्यातून डायोडांचे १.४ वजा, म्हणजे ११.३ व्होल्ट, आणि पेडलासारखा क्षुल्लक भार असेल तर त्याहूनही अधिक. अठराच्या अॅडॉप्टरचे असेच पंचवीस होऊ शकतात. म्हणून अॅडॉप्टरवरचे लेबल न वाचता मीटर वाचावा. गंमत म्हणजे बॉस कंपनीच्या काही जुन्या पेट्या अशाच अनियंत्रित, बारा व्होल्टांच्या आसपासच्या अॅडॉप्टरसाठी केल्या होत्या आणि वाढीव व्होल्ट खाण्यासाठी त्यांच्यात रोधक आणि डायोड ठेवले होते. त्यांच्यावर ‘एसीए’ असा शिक्का असतो. त्यांना आजचा नियंत्रित नऊ व्होल्टांचा पुरवठा एकट्याने दिला तर दिवा मंद होतो आणि मालकाला पेटी बिघडली असे वाटते.

सर्व बदल झाल्यावर पेटीला एकदम अठरा व्होल्ट देऊ नयेत. दाब कमीजास्त करता येणारा आणि प्रवाहाला मर्यादा घालता येणारा पुरवठा मिळत असेल तर उत्तम. नऊ व्होल्टांवर प्रवाह मोजून लिहून ठेवावा. मग बारा, पंधरा आणि अठरा व्होल्टांवर. ऑप-अँपच्या पेटीत तो सावकाश वाढतो. तो दुपटीपेक्षा पुष्कळ अधिक झाला तर कोठेतरी झेनर, उलटे बसविलेले धारित्र किंवा न झेपणारी आयसी आहे असे समजून तेथेच थांबावे. धारित्रे नवीन असतील तर पहिल्या परीक्षेच्या वेळी तोंड पेटीवर झुकवू नये, चष्मा लावावा. दहा मिनिटांनी प्रत्येक घटकाला बोटाने स्पर्श करून पाहावे. कोमट असेल तर चालेल, बोट ठेववत नसेल तर नाही.

शेवटी पेटीच्या पाठीवरचा ‘९ व्होल्ट’ हा जुना शिक्का खरवडून तेथे नवा आकडा ठळक लिहावा, आणि पिनचे मध्यटोक धन की ऋण तेही काढून ठेवावे. जर्मेनियमच्या पीएनपी ट्रँझिस्टरांच्या जुन्या पेट्यांत जमीनच धन असते आणि त्या इतर पेट्यांबरोबर एका वायरीवर जोडल्या तर पुरवठ्याचे दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात. अशा पेटीवर ही सूचना लाल अक्षरांत असावी, कारण मंचावरच्या अंधारात ती जोडणारा हात पेटी दुरुस्त करणाऱ्याचा नसतो.